कुस्तीच जेव्हा चितपट होणार होती…

ऑलिंपिकमधून खेळ वगळायची कुऱ्हाड नेहमी नवख्यांवरच पडते असं नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने 2020 च्या मुख्य खेळांमधून चक्क कुस्ती वगळायची शिफारस केली. 1896 च्या पहिल्या ऑलिंपिकमधला खेळ! खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत भारताला कांस्यपदक मिळवून दिलं, तेही कुस्तीतच.

प्रेक्षक आटले होते, हे मात्र खरं. नियमच तसे होते. लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. दोन फेऱ्या जिंकणारा विजयी, एकूण गुण कमी असले तरी. फ्रीस्टाइलमध्ये फेरी शून्य-शून्य राहिली की पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढणार आणि ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय धरून सुरुवात करायची मुभा! याला कुस्ती म्हणायचं की सोडत?

बल्गेरियाचा मल्ल व्हॅलेंटिन योर्दानोव्ह याने कुस्ती वगळण्याच्या निषेधार्थ आपलं सुवर्णपदक परत केलं. जागतिक कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकत्रित गुण आले, चेंडू गेला. महिलांचे वजनगट पुढे चारवरून सहा झाले. सप्टेंबरमध्ये ब्यूनोस आयर्सला 2020 मधल्या एका जागेसाठी मतदान झालं: कुस्ती 49, बेसबॉल-सॉफ्टबॉल 24, स्क्वॉश 22.

स्क्वॉशचा नंबर आता 2028 मध्ये लॉस एंजेलिसला लागतोय, क्रिकेटच्या जोडीने. क्रिकेटला मात्र प्रेक्षक शोधत फिरावं लागणार नाही. भारतातल्या प्रक्षेपण हक्कांचं गणित समितीलाही कळतं.