आजोबांच्या बेटाची जर्सी

रग्बी म्हटलं की आपल्याकडे एकच खेळ डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात ते दोन सख्खे भाऊ आहेत आणि त्यांची भाऊबंदकी १८९५ पासूनची आहे. भांडण पैशावरून झालं, तेही दिवसाच्या सहा शिलिंगांवरून. इंग्लंडच्या उत्तरेतल्या यॉर्कशायर-लँकेशायरातले गिरणी आणि खाणकामगार शनिवारी सामन्याला गेले की मजुरी बुडायची. ती भरून द्यावी, असं उत्तरेकडच्या क्लबांचं म्हणणं होतं. दक्षिणेतल्या हौशी साहेबांच्या मते त्यानं खेळ बाटत होता. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली.

हा खेळ आपल्या माणसाला चटकन कळेल. दुसऱ्या भावाच्या पंधराऐवजी तेराच खेळाडू. चेंडू घेऊन धावणाऱ्याची पकड होते, तो उठतो, चेंडू पायानं मागे सरकवतो, पुन्हा चढाई. सहाव्या पकडीनंतर चेंडू समोरच्यांच्या हाती. गिरणगावच्या मैदानांत कबड्डी पाहिलेल्याला त्या पकडीतली ताकद वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गिरणी कामगारांचा खेळ म्हणून तर हे नातं मला अधिकच जवळचं वाटतं.

या खेळाच्या २०२१ च्या विश्वचषकात सोळा संघ होते. २०१७ च्या उपांत्यपूर्व फेरीतल्या आठांना थेट प्रवेश, उरलेल्या आठ जागांसाठी खंडोखंडी पात्रता फेऱ्या. अमेरिका खंडातली फेरी नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्लॉरिडातल्या जॅक्सनविलला, तिथल्या विद्यापीठाच्या हॉजेस स्टेडियमवर झाली. संघ चार: अमेरिका, कॅनडा, जमैका आणि चिली. विजेत्याला थेट तिकीट; उपविजेत्याला आणखी एक संधी.

१३ नोव्हेंबरला जमैकानं कॅनडाला ३८-८ असं लोळवलं, अमेरिकेनं चिलीचा ६२-१२ असा फडशा पाडला. चारच दिवसांनी अंतिम सामना. पारडं अमेरिकेचं जड होतं. मैदान घरचं, आणि २०१३ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मारलेली मजल गाठीशी. २०१५ मध्ये याच फ्लॉरिडातल्या पात्रता फेरीतून जमैका हात हलवत परतला होता. या खेपेला मात्र जमैकानं १६-१० अशी बाजी मारली. एका कॅरिबियन देशानं रग्बी लीगच्या विश्वचषकाचं दार पहिल्यांदाच उघडलं. अमेरिकेला वर्षभरानं याच मैदानावर कुक बेटांनी ३८-१६ असं हरवलं आणि तिची ती उरलेली संधीही गेली.

क्रिकेट, फुटबॉल आणि धावण्याच्या शर्यतींवर जीव टाकणाऱ्या जमैकात रग्बी लीग रुजली ती या शतकात. रोमियो मोंटिथ यांच्यासारख्या संघटकांनी वर्षानुवर्षं तिचा गाडा ओढला. मग विश्वचषकात पोचेल इतका तगडा संघ कुठून आला? उत्तर पुन्हा यॉर्कशायरातच सापडतं. १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ बोट टिलबरीला लागली आणि पुढच्या काळात हजारो कॅरिबियन माणसं पोटापाण्यासाठी इंग्लंडात गेली. त्यातली कित्येक लीड्स-हडर्सफील्डच्या कामगार वस्त्यांत राहिली. त्यांच्या मुला-नातवंडांना गल्लीतला खेळ मिळाला तो रग्बी लीग. नियम असा, की आई-वडील किंवा आजी-आजोबा ज्या देशात जन्मले, त्या देशाकडून खेळता येतं. पुढे विश्वचषकात जमैकाचं कर्णधारपद सांभाळणारा अ‍ॅश्टन गोल्डिंग लीड्सचा, बेन जोन्स-बिशपही तिथलाच.

‘हा कसला जमैकाचा संघ?’ असं नाक मुरडणारे आहेत. मला ती तक्रार पटत नाही. पोटासाठी परमुलखात गेलेल्यांच्या नातवानं आजोबांच्या बेटाची जर्सी अंगात घातली, तर त्यात उसनं काय आहे? तक्रारीत तथ्य एवढंच, की या संघाच्या यशानं किंग्स्टनमधल्या पोराला आपोआप मैदान मिळत नाही. ते काम वेगळं आणि फार चिवट आहे.

करोनामुळे विश्वचषक वर्षभर लांबला आणि २०२२ मध्ये इंग्लंडात झाला. तिथं ‘रेगे वॉरियर्स’ म्हणवणाऱ्या जमैकाची दाणादाण उडाली. आयर्लंडकडून ४८-२, लेबनॉनकडून ७४-१२. मधला सामना न्यूझीलंडशी, हल शहरात, २२ ऑक्टोबरला. निकाल ६८-६. त्या सहामधले चार गुण बेन जोन्स-बिशपच्या ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्याचे. विश्वचषकातला जमैकाचा तो पहिला ट्राय.

पुढचा विश्वचषक २०२५ मध्ये फ्रान्सला व्हायचा होता. सरकारी पाठबळ न मिळाल्यानं फ्रान्सनं यजमानपद सोडलं, स्पर्धा २०२६ मध्ये दक्षिण गोलार्धात गेली आणि पुरुषांच्या गटातले संघ सोळावरून दहावर आले.