पुतळ्याची जाहिरात आणि जाहिरातीतला पुतळा

कामगार संघटनेचा माणूस एका अमेरिकन गायकाच्या जाहिरातीवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु विषय आमच्या कामाबाहेरचा नाही. मोर्चाचे फलक रंगवून घेणे, पुढाऱ्याचे चित्र किती मोठे लावायचे ते ठरविणे, सभेचे छायाचित्र गर्दी दाट दिसेल अशाच बाजूने काढविणे, ही कामे आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. तीच कामे दुसऱ्याने कशी केली, हे साहजिकच आम्ही जरा निरखून पाहतो.

ही जाहिरात मायकेल जॅक्सन यांच्या ‘हिस्टरी’ या अल्बमची. तो जून १९९५ मध्ये निघाला. दोन तबकड्या आणि तीस गाणी; त्यांत पंधरा जुनी, पंधरा नवी. १९९३ मध्ये जॅक्सन यांच्यावर एका मुलाच्या लैंगिक छळाचा आरोप झाला होता. त्यांनी तो नाकारला आणि जानेवारी १९९४ मध्ये दिवाणी दावा पैसे देऊन मिटविण्यात आला. अशा वेळी माल खपविणाऱ्यापुढे मोठाच प्रश्न असतो. गायकाचा चेहरा दाखवावा, तर लोक त्या चेहऱ्यात आरोपाचे उत्तर शोधणार. सोनी कंपनीने माणूस मागे ठेवला आणि पुतळा पुढे केला.

तो पुतळा कसा आहे पाहा. पाय फाकलेले, मुठी आवळलेल्या, अंगावर लष्करी घाटाचा पोशाख. मागे ढगांनी भरलेले आकाश आहे. घर नाही, झाड नाही, माणूस नाही. तुलनेला काहीच नसले की आकृती डोळ्याला वाटेल तेवढी उंच होते. हातात ध्वनिक्षेपक नाही. पाय नाचाच्या पवित्र्यात नाहीत. ज्याची सारी कीर्ती हालचालीवर उभी, त्याला येथे मुद्दाम निश्चल केले आहे. नावातही तीच युक्ती आहे. इतिहास या अर्थाच्या इंग्रजी शब्दातली पहिली तीन अक्षरे मोठ्या लिपीत छापली, म्हणजे ‘त्याचा’ असा निराळा शब्द डोळ्यांत भरतो. इतिहास सर्वांचा, पण येथे तो एकट्याच्या नावावर चढविला आहे.

मूळ शिल्पाकृती डायना वॉल्झॅक या शिल्पकर्तीची. तिच्यावरून सुमारे दहा मीटर उंचीचे पुतळे पोलादी सांगाडा आणि फायबरग्लास यांचे बनविले व युरोपातील शहरांत नेऊन उभे केले. एक तर जून १९९५ मध्ये तराफ्यावर चढवून लंडनच्या थेम्स नदीतून मिरविला. टॉवर ब्रिजचे फाटे वर उचलले गेले आणि खालून पुतळा गेला. आपल्या गणेशविसर्जनाची कोणाला आठवण झाली तर आश्चर्य नाही. फरक एवढाच, की हा पुतळा बुडवायचा नव्हता.

खरे शिकण्यासारखे आहे ते अल्बमसोबतच्या जाहिरातपटात. तो हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात १९९४ मध्ये चित्रित झाला. सैनिकांची संचलने, ध्वज, दुतर्फा ओरडणारी गर्दी, मध्ये चालणारे जॅक्सन आणि अखेरीस आच्छादन गळून प्रकट होणारा प्रचंड पुतळा. १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर लेनी रीफेनश्टाल यांनी काढलेल्या नाझी प्रचारपटाची आठवण अनेक समीक्षकांना झाली. यात राजकारण नाही, असे जॅक्सन यांचे म्हणणे होते. त्यांच्या हेतूचा निवाडा आम्ही करीत नाही. चित्राची भाषा मात्र हेतू विचारीत बसत नाही. ज्या बुडापेस्टमध्ये १९५६ च्या उठावात लोकांनी स्टालिनचा पुतळा पाडला, तेव्हा त्याचे फक्त बूट चौथऱ्यावर उरले. ज्या शहराने कम्युनिस्ट राजवटीचे पुतळे उचलून १९९३ मध्ये बाहेरच्या एका उद्यानात ठेवले. तेथेच वर्षभरात नवा पुतळा कचकड्याच्या जगात उभा राहिला.

याच पटात लोखंड ओतणारे, घण घालणारे कामगार आहेत. त्यांच्या तोंडी एस्पेरांतो भाषा घातली आहे, आणि जगातील नाना राष्ट्रे प्रेमाखातर हे शिल्प घडवीत आहेत, अशा अर्थाचे ते बोलतात. हे दृश्य आम्ही दोनदा पाहिले. एस्पेरांतो ही १८८७ साली झामेनहॉफ यांनी रचलेली भाषा. देशोदेशींच्या कामगारांना परस्परांशी बोलता यावे म्हणून अनेक कामगार मंडळांनी ती हौसेने शिकून घेतली. त्यांची जागतिक संघटना १९२१ मध्ये प्राग येथे स्थापन झाली. पुढे स्टालिनच्या काळात हीच भाषा शिकल्यापायी माणसे तुरुंगात गेली. त्या भाषेला येथे काम मिळाले ते एका कंपनीचा माल खपविण्याचे. शिवाय पडद्यावरचे कामगार लोखंड ठोकतात आणि प्रत्यक्ष पुतळा फायबरग्लासचा! ज्यांनी साचे घेतले, थर चढविले, सांगाडा जोडला, ते कारागीर या चित्रात कोठेच नाहीत.

याच प्राग शहरात लेत्ना टेकडीवर १ मे १९५५ रोजी स्टालिनचे अजस्र स्मारक उघडले होते. पुढे स्टालिन आणि त्याच्या पाठीशी रांगेने कामगार, शेतकरी, सैनिक. शहरातले लोक त्याला मांसाच्या दुकानापुढची रांग म्हणत. १९६२ मध्ये ते सुरुंग लावून उडविले. १९९६ मध्ये ‘हिस्टरी’ दौऱ्याची सुरुवात प्रागला झाली, तेव्हा त्याच चौथऱ्यावर जॅक्सन यांचा पुतळा उभा केला होता. स्टालिनच्या मागे निदान दगडी का होईना, माणसे होती. या पुतळ्यामागे कोणीच नाही. माणसे फक्त समोर, मान वर करून. आमच्या मते साऱ्या जाहिरातीची किल्ली येथे आहे. मोठेपणा पुतळ्यात नसून खालच्या गर्दीत आहे. पटातून ती गर्दी कापून काढा, म्हणजे चौकात विसरलेले एक बाहुले तेवढे उरेल.

याच दौऱ्यात १ नोव्हेंबर १९९६ रोजी जॅक्सन मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात गायले. मराठी बेकार तरुणांसाठी निधी उभारण्याच्या निमित्ताने शिवउद्योग सेनेने तो कार्यक्रम आणला होता. मुंबईकराला ही चित्रभाषा नवी वाटण्याचे कारण नव्हते. पुढाऱ्यांचे आणि नटांचे तीन मजली कटआउट तो रोज पाहत होता. हा मोह आमच्या चळवळीतही आहे. युनियनच्या फलकावर पुढाऱ्याचे डोके जसजसे मोठे होते, तसतशी खालची डोकी ठिपक्यांएवढी होत जातात. फलक रंगविणाऱ्याला आम्ही नेहमी विचारतो, संपावर गेले आहे कोण?

त्या पुतळ्यांपैकी एक नेदरलँड्समधील बेस्ट या गावी खाद्यपदार्थांच्या एका दुकानापुढे, गाड्यांच्या तळावर कैक वर्षे उभा होता. जॅक्सन २००९ मध्ये वारले, तरी तो हलला नाही. २०१९ मध्ये जुन्या आरोपांवरचा नवा माहितीपट आला आणि मग तो तेथून उतरविण्यात आला.