स्मरण, जनुके आणि पठण

‘स्मरणशक्ती जन्मतःच मिळते’ हे वाक्य अमरावती-अकोल्याकडील घरांतून आजही ऐकू येते. आता त्याच्या पुष्ट्यर्थ जनुकांचे नावही घेतले जाते. ज्यांच्या पूर्वजांना केवळ जन्मावरून विद्येपासून दूर ठेवले गेले, त्यांनी तरी हे विधान पारखून घ्यावयास हवे.

जनुक म्हणजे पेशीने कोणते प्रथिन घडवावे याचा लेख होय. तो वारशाने येतो हे खरे. परंतु लेख असणे निराळे आणि तो वाचला जाणे निराळे. एखादी गोष्ट अल्पकाळ लक्षात राहते, तेव्हा मेंदूतील पेशींच्या सांध्यांपाशी असलेल्याच प्रथिनांत तात्पुरता फेरबदल होतो. तीच गोष्ट पुनःपुन्हा आली म्हणजे संदेश पेशीकेंद्रापर्यंत पोहोचतो, ‘क्रेब’ नावाचे प्रथिन विशिष्ट जनुकांना जागे करते, नवी प्रथिने निर्माण होतात व सांधे वाढतात. समुद्री गोगलगाईवर हे दाखवून देणाऱ्या एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. तेथे पुढे फळमाशीच्या गंधज्ञानामागील जनुकांचा शोध घेतला गेला. याच माशीवर १९९४ मध्ये अमेरिकेतील टिम टली व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रस्तुत विषयात फार बोलका आहे. विशिष्ट वास आला की विजेचा धक्का बसतो, हा धडा काही माश्यांना सलग दहा वेळा दिला. इतरांना तोच दहा वेळा, पण मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची विश्रांती ठेवून. पहिल्यांची स्मृती काही दिवसांत विरली, दुसऱ्यांची आठवडाभर टिकली. नव्या प्रथिनांची निर्मिती औषधाने रोखली, तेव्हा हा टिकाऊ अंश उमटलाच नाही.

विहारात मुले गाथा शिकतात त्या अशाच: आज दोन ओळी, उद्या त्यांची उजळणी, मग पुढच्या. त्रिपिटक लिपिबद्ध होण्यापूर्वी भाणक भिक्खूंनी ते पठणानेच शतकानुशतके जतन केले. म्हणून प्राचीनांना जनुकशास्त्र ठाऊक होते असे म्हणू नये. तो भाबडेपणा होईल. शिवाय माशीचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तथापि विभागून केलेले पाठांतर कमी आवृत्त्यांत साधते, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवरील प्रयोगांतून नोंदवले होते. व्यक्तिव्यक्तींत उपजत फरक असतात, हेही नाकारण्याचे कारण नाही. मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री दहा वेळा घोकलेला धडा विसरणाऱ्या मुलाला मंद ठरवण्यापूर्वी, त्याच दहा आवृत्त्या आठ दिवसांत विभागून त्याच्याकडून करवून पाहाव्यात.