खुर्चीच्या पायाची अंगठी

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार.

गेल्या वर्षी आमचं गावचं घर विकलं. आजीची सागवानी खुर्ची तेवढी राहिली, तीही मोडकी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही आणि भंगारात द्यायला हात धजेना. तेव्हा मला हुसेन चलायान आठवला.

2000 साली लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरमध्ये या डिझायनरचा शो झाला. स्टेजवर साधी बैठकीची खोली. मॉडेल्सनी खुर्च्यांची कव्हरं काढून ड्रेससारखी अंगात घातली, खुर्च्यांच्या सुटकेस झाल्या. शेवटी एकजण गोल लाकडी टेबलाच्या मधोमध उभी राहिली, टेबल वर ओढलं आणि त्याचा स्कर्ट झाला! व्हिडिओ बघाच. पण ही नुसती गंमत नव्हती. चलायान मूळचा सायप्रसचा, तुर्की सायप्रसी. 1974 मध्ये ते बेट दुभंगलं आणि माणसांना घरं सोडावी लागली. अशा वेळी अंगावर मावेल तेवढंच आपलं. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतंच, फक्त त्यांचा हिशेब सोन्यात असायचा.

मग मी खुर्चीच्या पायाची आडवी चकती कापली, मध्ये भोक पाडलं, झाली अंगठी. दोन दिवसांत तडकली. सुतारकाका हसले. लाकूड म्हणजे लांब धाग्यांची जुडी. धाग्याच्या दिशेनं ताकद, आडवं चटकन फाटतं. आडव्या चकतीत एकही धागा बोटाभोवती फिरत नाही. इंजिनिअर असून हे सुचू नये, कमाल आहे.

उपाय त्यांनीच सांगितला. पायावर उभा रंधा मारून लांब, पातळ पट्टी काढायची. गरम पाण्यात मऊ करून पाइपभोवती गुंडाळायची, रात्रभर वाळू द्यायची, मग सुपरग्लू लावत एकावर एक वेढे द्यायचे. आता धागे बोटाभोवती गोल फिरतात. 18 मिलिमीटर व्यास, 4 वेढे, म्हणजे साधारण 24 सेंटीमीटर पट्टी लागली. (मास्क लावा, सागाचा भुस्सा फार खाजतो.)

आईनं अंगठी घातली ती काढलेलीच नाही. आता आत्याला बांगडी हवीये. तिला जवळपास 80 सेंटीमीटर पट्टी लागेल आणि पाय आहे 45चा. जोड कुठे लपवायचा, ते बघतोय.