म्हाताऱ्या कोळ्याचा हिशेब

मढहून माळशेज घाटाकडे जाताना पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय दिसतो. त्या परिसरात वाढणाऱ्या विद्यार्थ्याला क्यूबाचा समुद्र दूरचा वाटेल. पाण्यावर पोट असलेल्या माणसाची विवंचना मात्र परकी वाटणार नाही. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही १९५२ सालची कादंबरी अमेरिकेतील माध्यमिक शाळांत पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासली गेली. तिला १९५३ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ मध्ये लेखकाला नोबेल. पु. ल. देशपांडे यांनी ती ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचता येतात.

सांतियागो या वृद्ध कोळ्याला ८४ दिवस एकही मासा मिळालेला नाही. शिकाऊ मुलाला त्याच्या आईवडिलांनी दुसऱ्या होडीवर धाडले आहे. तरीही म्हातारा उसनवारीपासून दूर राहतो आणि ८५व्या दिवशी पुन्हा समुद्रात जातो. प्रचंड मासा गळाला लागल्यावर तो मनाशी हिशेब मांडतो: वजन दीड हजार पौंडांहून अधिक, त्यातील दोन तृतीयांश विक्रीयोग्य, दर पौंडाला तीस सेंट. म्हणजे किमान तीनशे डॉलर. परतताना शार्क ते सारे खाऊन टाकतात. किनाऱ्याला लागतो तो केवळ सांगाडा.

अहिंसा मानणाऱ्या घरात प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे: मासेमारीची कथा आपल्या मुलांनी का वाचावी? उत्तर कादंबरीतच आहे. म्हातारा त्या माशाला भाऊ म्हणतो आणि त्याला मारणे पाप होते काय, असे स्वतःलाच विचारतो. पोटासाठी मारले की अभिमानापायी, याचा निवाडा त्याला करता येत नाही. ही टोचणी ज्या वर्गात मोकळेपणाने चर्चिली जाईल, तेथे मुलाला आपल्या घरचे संस्कार झाकून ठेवावे लागणार नाहीत. उलट तेच संस्कार घेऊन तो चर्चेत उतरेल.

व्यापारी कुटुंबातील पालकांनी एक करावे. परीक्षेच्या टिपणांवर न थांबता मुलासोबत पुस्तक वाचावे आणि त्याला विचारावे: सांगाडा घेऊन परतलेल्या माणसाच्या खात्यावर जमा काय झाले? कथेच्या शेवटी तो मुलगा पुन्हा म्हाताऱ्याबरोबर जायचे ठरवतो. उत्तराचा शोध तेथून सुरू करता येईल.