मिरचीची आग आणि चेतापारेषके

नंदुरबारच्या मिरची पथारींवर, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालण्याच्या मोकळ्या जागांवर, काम करणाऱ्या मजुरांच्या हातांची जी आग होते तिच्यामागे खरी उष्णता नसते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य त्वचेतील चेतातंतूंच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटते तो ग्राही एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढील तापमानाला उघडतो, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले आणि ज्युलियस यांच्या २०२१ च्या नोबेल पारितोषिकाला हे संशोधन कारण ठरले. ग्राही उघडताच निर्माण झालेला विद्युत संदेश मेरुरज्जूपर्यंत धावतो खरा, परंतु दोन चेतापेशींमधील जेमतेम २० नॅनोमीटरची फट त्याला ओलांडता येत नाही. तेथे चेतातंतूच्या टोकातील सूक्ष्म पिशव्यांतून ग्लुटामेट आणि ‘सबस्टन्स पी’ ही चेतापारेषके, म्हणजे निरोप पोचवणारी रसायने, बाहेर पडतात आणि पुढील पेशीला चेतवतात. ग्लुटामेट लगेच शोषले जाते, सबस्टन्स पी मात्र रेंगाळते. तेच द्रव्य त्वचेतही पाझरून रक्तवाहिन्या रुंदावते, म्हणून हात लालबुंद होतात; आणि कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने नुसते हात धुऊन फारसा उपयोग होत नाही. गंमत अशी की याच कॅप्सेसिनच्या दीर्घ संपर्काने ते तंतू बधिर होत असल्यामुळे चेतावेदनेवरील मलमांत त्याचा वापर केला जातो.