पात्यांपासून दूर, कळेच्या जवळ

रिमोटवर उडणारे मॉडेल हेलिकॉप्टर खेळण्यासारखे दिसते. पण '७००' आकाराच्या मॉडेलच्या पंख्याचा व्यास दीड मीटरच्या आसपास असतो. मिनिटाला दोन हजार फेरे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या वर जातो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात स्वतःच्याच हेलिकॉप्टरचे पाते लागून १९ वर्षांचा तरुण दगावला. तो नवशिका नव्हता.

शिकताना खरी अडचण हाताची नसते, मेंदूची असते. शेपटी आपल्याकडे असेपर्यंत डावे ते डावेच राहते. तोंड आपल्याकडे वळले की सारे उलटे. घाबरून दिलेला हिसका हेलिकॉप्टरला सावरण्याऐवजी आणखी कलंडवतो. अशा वेळी ते ज्या बाजूला झुकेल, त्याच बाजूला रिमोटची दांडी न्यायची. हे विचार न करता जमेपर्यंत संगणकावरचा सिम्युलेटरच बरा. तिथे कितीही आपटले तरी खर्च नाही.

मैदानात आधी शेपटी आपल्याकडे ठेवून, निदान दहा मीटर लांब, नुसते एका जागी तरंगत ठेवायला शिकावे. मोटर बंद करणारी 'थ्रॉटल होल्ड' कळ न बघता बोटाला सापडली पाहिजे. तोल गेला की मॉडेल वाचवायचा मोह होतोच. तेव्हाही आधी ती कळ दाबावी आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये.